गा, सांग, नाहीतर पाज

ऑल्डरवेड, सफोक
रविवार, दुपारच्या चहानंतर

प्रिय क्लेम,

पाकिटावरचं माझं अक्षर ओळखून तू विनीला म्हणशील, "थर्झाला पत्र लिहायची अवदसा कुठून आठवली?" तिला काय उत्तर द्यायचं ते ती देईल. माझं उत्तर लांबलचक आहे. गाणं तीन मिनिटांचं आणि त्याआधीची हिची बडबड दहा मिनिटांची, असं तू दर कार्यक्रमात लोकांना सांगायचास आणि लोक हसायचे. तेव्हा आताही थोडा धीर धर, पहिलं पान वाचून पत्राची घडी घालून ठेवू नकोस. एवढं मात्र आधीच सांगते, म्हणजे पुढे शूरपणाचा आव आणावा लागणार नाही. मला भीती वाटतेय, क्लेम. आपली गाडी यॉर्कशरच्या त्या बर्फाळ उतारावरून घसरली होती तेव्हा वाटली तशी नाही. ती घटकाभराची होती, आणि तू शेजारी बसून शिव्या देत होतास. ही भीती सकाळी माझ्याआधी उठते, आणि मी चहाचं आधण ठेवायला जाईपर्यंत स्वयंपाकघरात येऊन बसलेली असते.

मे महिन्यात आवाज बसला. मी म्हटलं, दलदलीच्या काठी राहणाऱ्या बाईचा आवाज बसायचाच. मध झाला, ब्लॅककरंटचं गरम सरबत झालं. लॅपविंग पब आता म्हाताऱ्या मालकाची मुलगी क्वीनी चालवते, तिनं व्हिनेगरच्या गुळण्या करायला लावल्या. त्यानं फक्त तोंडाची चव गेली. उन्हाळ्यातल्या मेळ्यांत मी खालच्या पट्टीत गायले, तर लोक म्हणाले, वयाबरोबर आवाजाला काय गहिरेपणा आलाय. गहिरेपणा कसला, कप्पाळ. सप्टेंबरात हॉस्पिटलात नाकातून नळी घालून बघितलं, मग तुकडा काढून तपासला. तिथे मिस्टर हॅलोरन म्हणून सर्जन आहेत, तरुण, स्वच्छ नखांचे. त्यांनी विचारलं, "सिगरेट ओढता?" मी म्हटलं, "मी नाही ओढत. पण चाळीस वर्षं पबमध्ये गातेय, म्हणजे सगळ्या गावाच्या मीच ओढल्यात." ते हसले नाहीत. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

गाठ स्वरयंत्रातच आहे. किरणांनी भागण्यातलं ते राहिलेलं नाही, स्वरयंत्र पूर्ण काढावं लागेल, असं ते म्हणाले. म्हणजे गळ्याला पुढून भोक राहणार आणि श्वास तिथूनच. काही महिन्यांनी आत एक झडप बसवून बोलण्यापुरता आवाज काढता येतो म्हणे, गंजलेल्या फाटकासारखा. सगळ्यांना तेही जमतंच असं नाही. गाणं तर नाहीच, गुणगुणणंसुद्धा नाही. आणि नाही काढलं तर, मी विचारलं. "तर पुढच्या वर्षी या सुमाराला तुम्ही-आम्ही असे बोलत बसलेले नसू," ते म्हणाले. बोलत तर आपण एरवीही बसणार नाही, हे मला बाहेर बसस्टॉपवर आल्यावर सुचलं. चांगलं उत्तर मला नेहमी असंच उशिरा सुचतं.

तेव्हापासून ज्याला त्याला एकच पालुपद सापडलंय. अगं, तुझी चित्रं आहेत, तुझी पुस्तकं आहेत, कॉन्सर्टिनाची छोटी पेटी वाजवायला दोन हात आहेत. तीन कला असलेल्या बाईची एक गेली तर एवढं काय बिघडलं, असा सगळा थाट. माझ्या पुस्तकांच्या मलपृष्ठावरही तसंच छापतात, गायिका, चित्रकार, लेखिका, जशा काही तीन बायका एका घरात भाड्यानं राहतात. तू तरी जाणतोस. इप्सविचच्या आर्ट कॉलेजात चित्राच्या छाप्यासाठी लिनोलियमचा तुकडा कोरताना मी गुणगुणायचे, आणि आमचे मास्तर एक दिवस वैतागून म्हणाले, "मिस गॅरड, एकतर तोंड बंद करा नाहीतर बाहेर जा." मी बाहेर गेले. बाहेर पाऊस होता म्हणून समोरच्या पबच्या माडीवर चढले, तर तिथे तू बसला होतास, कॉन्सर्टिना मांडीवर, आणि एका गाण्याची चाल साफ चुकीची वाजवत होतास. मी ती दुरुस्त केली. तुला राग आला. माझी सगळी कारकीर्द तिथून सुरू झाली, आणि ती सुरू झाली ती तोंड बंद ठेवता येईना म्हणून.

परवा मी स्वतःची परीक्षा घेतली. ठरवलं, आज ओठातून काही काढायचं नाही, आणि लिनो घेऊन बसले. बगळा कोरायचा होता. असले बगळे मी झोपेतही कोरते. आपल्या पहिल्या रेकॉर्डच्या वेष्टणावर होता तसाच एक. पण क्लेम, हात हलेना. चाल नसली की रेघ कुठे वळवायची ते मला कळतच नाही, हे मला साठी उलटल्यावर समजलं. बगळ्याचा पाय टेबलाच्या पायासारखा झाला आणि पातं माझ्या अंगठ्यात शिरलं. लिहिण्याचंही तेच. म्हाताऱ्या गवयांवरची तिन्ही पुस्तकं मी आधी मोठ्यानं बोलले आणि मग कागदावर उतरवली. हे पत्रही मी बोलतबोलतच लिहितेय, शेजारीण ऐकेल तर म्हणेल ही कोणाशी भांडतेय. गळ्यातून खरखरीशिवाय काही निघत नाही, पण वाक्य कुठे संपतं ते अजून त्या खरखरीलाच कळतं. लोक म्हणतात की एक गेलं तरी दोन राहतील. मला वाटतं तिन्ही जातील, आणि मागे जी बाई राहील तिला मी ओळखत नाही.

केझाया स्माय तुला आठवतेच. तिच्या स्वयंपाकघरात तू एकदाच आलास आणि वाम माशाचं कालवण बघून जो पळालास तो परत आला नाहीस. मी मात्र सगळा एक हिवाळा तिच्याकडे जात होते. तिचा नवरा नदीवर नाव चालवायचा. धुक्यात बाई काठावर उभी राहून पलीकडच्या नावाड्याला हाक मारते, ते गाणं तिचं होतं. "नाव आण रे, नाव आण, काठावर या रात आली." ती हाक ती एकटीच द्यायची, सगळा पब कान देऊन ऐकायचा, आणि गाण्यात पलीकडून उत्तर येतच नाही. गाणं तिनं मला ओळीओळीनं शिकवलं आणि शेवटी बोट उगारून म्हणाली, "शीक. पण गाऊ नकोस. मी आहे अजून." आपल्याकडचा रिवाजच तो. ज्याचं गाणं तो जिवंत असेतो दुसऱ्यानं तोंडात घ्यायचं नाही. घेतलं तर त्याला जिवंतपणी पुरल्यासारखं. लंडनहून रेकॉर्ड कंपनीचा तो माणूस आला होता, त्याला नेमकं तेच गाणं हवं होतं. "कुठल्या खेड्यातली कोण ती म्हातारी, तिला कळणार कसं?" तो म्हणाला. मी नाही म्हटलं. गाडीत कोल्चेस्टर मागे पडल्यावर तू म्हणालास, "तिनं मरावं असं मी म्हणत नाही, थर्झा. पण माणसानं थोडा विचार करावा." केझाया शहाण्णव वर्षं जगली. मला तर वाटतं मुद्दाम. आपली रेकॉर्ड त्या गाण्याशिवाय निघाली आणि तुझ्या आईनं आणि माझ्या आईनं ती विकत घेतली.

नंतर तू व्हिटबीला गेलास, कॉन्सर्टिना दुरुस्त करायला शिकलास, तुला विनी भेटली. मी रागावले नव्हते असं मी सगळ्यांना सांगत आले. मी रागावले होते. लोकांना वाटायचं मला तुझ्या जाण्याचं दुःख आहे, आणि ते होतंच, पण त्याहून रोजची पंचाईत वेगळी होती. गाताना मी जिथे श्वास घ्यायचे तिथे तू स्वर धरून ठेवायचास, त्यामुळे ऐकणाऱ्याला वाटायचं या बाईला श्वास लागतच नाही. तू गेल्यावर मला एकटीनं श्वास घ्यावा लागला आणि तो सगळ्यांना ऐकू यायला लागला. पुढे मी एकटीनं खूप गायले, बरं गायले, बक्षिसंही मिळाली. पण त्या जागेवर आजही माझं मन बिचकतं.

केझायाला पुरून आल्यावर लॅपविंगमध्ये हॅमचे सँडविच आणि चहा होता. जेबेझ पेटिटनं टेबलावर लाकडी हातोडी आपटली आणि म्हणाला, "केझाया गेली. तिचं गाणं कोण घेतंय?" मी उभी राहिले. त्या दिवसापासून ते माझं. जेबेझ अजून आहे बरं का. नव्वदीला टेकलाय, दोन्ही कानांनी ठार, पण गुरुवारच्या गाण्यांच्या बैठकीचा अध्यक्ष तोच, हातोडी तीच, आणि फेरी आली की खेकसणंही तेच, "गा, सांग, नाहीतर पाज." तू यायचास तेव्हा दरवेळी गायचास, म्हणून तुला या नियमाची झळ कधी बसली नाही. ज्याला गाता येत नाही त्यानं काही सांगायचं, निदान एखादा चावट किस्सा. तेही नाही जमलं तर अख्ख्या खोलीला बिअर पाजायची. हॅलोरनसाहेबांनी मला सगळं समजावून सांगितलं त्या दिवशी मी त्यांचं ऐकतच नव्हते. माझ्या डोक्यात एकच घोळत होतं. मला आता गाता येणार नाही, सांगता येणार नाही, म्हणजे मरेपर्यंत मी पाजतच बसणार.

गेल्याच्या गेल्या गुरुवारी मी पिशवी भरून हॉस्पिटलात दाखल झाले. शुक्रवारी ऑपरेशन ठरलं होतं. मी शहाण्यासारखी वागत होते. नर्सनं मनगटाला नावाची पट्टी बांधली, गाऊन दिला, मी घातला. मग त्यांच्याकडची पद्धत म्हणून त्यांनी हे ऑपरेशन झालेला एक माणूस माझ्याकडे पाठवला. मिस्टर कॅटरमोल, ट्रक चालवायचे, आता निवृत्त. गळ्याला छान हिरवा रुमाल. इतका भला माणूस, क्लेम, स्वतःच्या बागेतली सफरचंदं घेऊन आला होता. झडप त्याला मानवली नव्हती, म्हणून तो पाटीवर लिहून बोलायचा. त्यानं लिहिलं, "सवय होते." मी विचारलं, बायको काय म्हणते? त्यानं लिहिलं, "आता शेवटचा शब्द तिचाच." मी म्हटलं, "मग पहिल्यापेक्षा काय बदललं?" आणि तो हसला. खांदे हलले, डोळ्यांत पाणी आलं, तोंड पार उघडलं, मांडीवर थाप मारली, आणि आवाज आला नाही. रुमालाखालून नुसती फुसफुस हवा. मी त्याच्याबरोबर हसत राहिले, आणि माझं हसणं त्या खोलीत एकटंच वाजत होतं. तो गेल्यावर मी गाऊनवरच कोट चढवला, पिशवी उचलली आणि जिन्यानं खाली उतरून सरळ बस पकडली. मी पळाले. ड्रायव्हर म्हणाला, "बाई, ठीक आहात ना?" मी म्हटलं, "अगदी मजेत," आणि गाऊन झाकायला कोट गळ्यापर्यंत आवळला.

घरी जावंसं वाटेना. गुरुवार होता, संध्याकाळ झालेली, लॅपविंगच्या खिडकीत दिवे दिसत होते. दाराशी आले आणि आतून माझं गाणं ऐकू आलं. आधी वाटलं, माझ्याच डोक्यात वाजतंय. मग आवाज ओळखला. ब्रायोनी, आपली टपाल वाटणारी, तिशीतली, लाल सायकलवाली. दोन वर्षं माझ्याकडे शिकायला येते आणि रिवाज माझ्यापेक्षा कडक पाळते. मी दाराच्या काचेतून बघितलं. सगळे उभे होते. पुरुषांनी टोप्या काढून हातात धरल्या होत्या. क्वीनीचा पत्ता नव्हता, ती नंतर कळलं तळघरात पिंप बदलत होती. ब्रायोनीचे गाल ओले होते आणि ती गात होती, "हाक माझी पोचली का, की धुक्यानं गिळून टाकली." मी मेले होते, क्लेम. मी दाराबाहेर उभी राहून मला पुरून आल्यावरचा चहा बघावा तसं ते सगळं बघत होते, आणि आत माझ्यावाचून काही अडलेलं नव्हतं. ती बरी गात होती. हे लिहायलाही मला अजून जड जातंय. मला वाटलं होतं त्याहून पुष्कळ बरी.

झालं होतं एवढंच. फेरी सुरू व्हायच्या आधी जेबेझनं क्वीनीला ओरडून विचारलं होतं, "थर्झा कुठाय?" तिनं पिंप ढकलताढकलता सांगितलं, "गेली, सकाळीच, हॉस्पिटलात." म्हाताऱ्याच्या कानात शिरलं ते फक्त 'गेली' आणि 'हॉस्पिटलात'. क्वीनी तळघरात उतरली, आणि यानं हातोडी आपटून जाहीर केलं, "थर्झा गेली. तिचं गाणं कोण घेतंय?" माझं दुखणं गावाला अर्धवट माहीत होतंच. कुणी उलटून विचारलं नाही.

मी दार ढकललं. ब्रायोनीचा स्वर मधल्या मध्ये तुटला आणि ती पांढरीफटक पडली. कुणाच्या तरी हातातला ग्लास खाली आला. सगळे माझ्याकडे असे बघत होते की मीच माझ्या पायांकडे बघून घेतलं. मग जेबेझ म्हणाला, "मेलेल्या माणसानं निदान दार लावून घ्यावं. वारा येतोय." मी दार लावलं. "जेबेझ, मी मेले नाहीये," मी म्हटलं. तो म्हणाला, "मोठ्यानं बोल." मी पुन्हा सांगितलं. "आवाज तर मेल्यासारखाच येतोय," तो म्हणाला, आणि कुणीतरी फिस्सकन हसलं. ब्रायोनी रडतरडत माझ्यापाशी आली. "मला शपथेवर खरं वाटलं हो. तुमचं गाणं घ्या परत. मी गायलेच नाही असं समजा." त्यावर वाद पेटला. लोहाराचा पोरगा आता स्वतः आजोबा झालाय, तो म्हणाला, एकदा घेतलेलं गाणं परत देता येत नाही, नाहीतर उद्या कुणीही उठेल. त्याची बायको म्हणाली, मग काय हिनं मरायला हवं का, तुझ्या नियमासाठी? मी तिथेच उभी, कोटाखाली हॉस्पिटलचा गाऊन, आणि माझ्या देखत माझी वाटणी चाललेली. शेवटी जेबेझनं हातोडी आपटली. "जिवंत असेल तर गाईल. गा, थर्झा."

मी गायला उभी राहिले. पहिलं कडवं खालच्या अंगाचं, ते कसंबसं निघालं. हाकेपाशी आले. ती वर फेकायची हाक तुला माहीत आहे, तिथे अर्ध्या वाटेवर थांबता येत नाही. मी तोंड उघडलं, पोट आत ओढलं, आणि काही आलं नाही. कॅटरमोल हसला होता ना, अगदी तसं. खोली वाट बघत होती. अडकलेल्या गवयाला त्यानं मागितल्याशिवाय शब्द द्यायचा नाही हाही आपलाच रिवाज, आणि मला मागायला आवाज नव्हता. तेवढ्या वेळात माझं सगळं आयुष्य मला रिकामं दिसलं. मेळे, गाड्या, वेष्टणांवरचे बगळे, तू, काही काही नव्हतं, नुसती एक बाई तोंड वासून उभी होती. मी खाली बसले. खाकरून घसा मोकळा केला आणि जेमतेम ऐकू जाईल असं म्हणाले, "पाजते." खोली हसली, अगदी पोट धरून हसली, आणि तळघरातून वर आलेल्या क्वीनीला बिचारीला कळेना की ही इथे कशी आणि सगळे हसतायत कशाला.

घरी सोडायला क्वीनी आली. वाटेत तिनं माझा हात धरला आणि मनगटावरची पट्टी तिच्या बोटांना लागली. तिनं दिव्याखाली ती वाचली. "तू पळून आलीस," ती म्हणाली. मी म्हटलं, "त्यांच्याकडचा चहा बरा नव्हता." ती हसली नाही. "हे बघ बये, माझा बाप तुझ्या गाण्यावर जीव टाकायचा. पण मला तुझं गाणं काही कळत नाही, कधीच कळलं नाही. मला तू दर मंगळवारी अंडी घ्यायला येतेस ते कळतं. तेवढी येत राहा." मी रस्त्यात उभी राहून रडले. आजवर माझ्यावर प्रेम केलेल्या माणसांनी आवाजासकट केलं, किंवा आधी आवाजावर केलं आणि मग नाइलाजानं माझ्यावर. हे तुलाही लागू आहे असं मला वाटतं. चुकत असेन तर चुकू दे. पण ही बाई सुरांना बहिरी, आणि तिला मी अंड्यांसाठी हवी होते. दुसऱ्या दिवशी सकाळी मी हॉस्पिटलला फोन केला. त्यांनी न ओरडता नवी तारीख दिली, म्हणून मला जास्तच ओशाळं वाटलं.

काल ब्रायोनी आली होती, डोळे सुजवून, गाणं परत द्यायला. मी म्हटलं, ठेव. पण ती हाक तू ओढतेस, ओढायची नाही, फेकायची. पलीकडे माणूस आहे, त्याच्यापर्यंत पोचवायची आहे, त्याला झोपवायचं नाही. मी घोगऱ्या आवाजात सांगत होते, ती गात होती, आणि टेबल वाजवून वाजवून माझा हात दुखला. पोरीला चार वाजेपर्यंत सोडलं नाही, टपाल राहिलं असणार गावाचं. वाटलं होतं, एवढं केलं की मन शांत होईल. झालं नाही. ती गेल्यावर मी परसात गेले, कोंबड्यांना हाका मारल्या, मग नावाड्याला, मग कुणाकुणाला. जिथवर हा चिरका आवाज जाईल तिथवर मी नुसती हाका मारत सुटले. शेजारीण कुंपणावरून म्हणाली, "काही हरवलंय का, थर्झा?" मी म्हटलं, "अजून नाही."

उद्या सकाळी क्वीनी मला तिच्या गाडीतून नेणार आहे, आणि आत नेईपर्यंत दारात खुर्ची टाकून बसणार म्हणते. ऑपरेशन परवा, मंगळवारी. पत्र तुझ्या हाती पडेल तेव्हा ते होऊन गेलेलं असेल, म्हणून मुद्दाम आजच टाकतेय, म्हणजे तुला निघून येता येणार नाही. येऊ नकोस, क्लेम. मला हे सगळं विस्तारानं लिहावं लागलं ते एका एवढ्याशा गोष्टीसाठी. घरी आले की एखाद्या रविवारी दुपारी तुझ्याकडे फोन वाजेल. तू हॅलो म्हणशील आणि पलीकडून काही येणार नाही, फार तर थोडी हवा. कुणी टवाळखोर असेल म्हणून ठेवून देऊ नकोस, आणि विनीलाही तसं सांगून ठेव. ती मी असेन. तू बोल. समुद्राचं सांग, कुणाच्या पेटीत कुठली पट्टी बेसूर निघाली ते सांग, विनीची आणि तुझी भांडणं सांग, तेवढंच मला जरा बरं वाटेल. ऐकतेस का असं विचारू नकोस, मी ऐकत असेन. फक्त तू थांबलास तर अजून बोल म्हणून मला सांगता येणार नाही. म्हणून थांबू नकोस.

आजच्या दिवस तरी बोलती,
तुझीच
थर्झा